नानांची लाइन आणि युनूसचा भुसावळी बाजा

किस्से कोणी गोळा करत नसतं भो, ते आपोआप साचतात. आमच्या दुकानात एक खोकं होतं, उरलेल्या वायरचे तुकडे त्यात टाकायचो. वर्षभराने एक तुकडा ओढायला गेलं की अख्खं खोकंच हाताला लागून वर यायचं. परवा एका लग्नात पंगतीत शेजारच्याने सहज विचारलं, तुम्ही पूर्वी काय करायचे? मी म्हटलं, जळगावात गाण्याची लाइन टाकायचो. तिथेच गप्प बसलो असतो तर जिलेबी गरम मिळाली असती.

गाण्याची लाइन म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. बाजारपेठेत नानांचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. लग्न, गणपती, निवडणूक, यावर धंदा. बाकी वर्षभर नाना कर्ण्यांवरची धूळ पुसायचे. एकदा धूळ पुसता पुसता त्यांच्या डोक्यात आलं की बाजारातल्या प्रत्येक दुकानात एकेक छोटा स्पीकर लावायचा आणि सगळ्यांच्या वायरी आपल्या दुकानात आणायच्या. इथे आपण कॅसेट लावायची, ती सगळीकडे वाजेल. दुकानदाराने महिन्याचं भाडं भरायचं. त्याला टेप घ्यायला नको, कॅसेटी घ्यायला नकोत, अडकलेली फीत पेन्सिलीने गुंडाळायला नको. मी बी. कॉम. होऊन घरी बसलो होतो आणि शिडीला घाबरत नव्हतो, म्हणून मी लाइनमन झालो.

नानांचं म्हणणं एकच. “पुढे कोणी कॅसेट विकत घेणार नाही. भाडं भरायचं, घरोघरी गाणं येईल. नळासारखं.”

समोर धनाभाऊंचं चहाचं दुकान. ते गाळणं झटकत म्हणाले, “नळ तर दिवसाआड येतो, नाना.”

* * *

लाइनची गंमत अशी की सगळ्यांना एकच गाणं. आणि भांडण सुरू व्हायला एवढं पुरेसं असतं.

धनाभाऊंना उडती गाणी लागत. संथ गाणं लागलं की गिऱ्हाईक एका कटिंगवर अर्धा तास डोळे मिटून बसतं, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या शेजारी गोपाळचं सलून. त्याला उडतं गाणं चालत नसे, कारण गिऱ्हाईक मान हलवतं. एकदा एका तलाठ्याच्या कानापाशी वस्तरा लागला, तेव्हापासून तर गोपाळ ठेका सुरू झाला की वस्तरा मिटूनच ठेवायचा.

दोघेही नानांकडे आले. नानांनी निवाडा दिला. एक गाणं संथ, एक उडतं.

दोघांनी ते मानलं आणि त्याप्रमाणे धंदा बसवला. उडतं गाणं लागलं की गोपाळ फेस लावायचा, संथ लागलं की दाढी करायचा. त्यामुळे त्याच्याकडे कायम दोन-तीन माणसं तोंडाला फेस लावून संथ गाण्याची वाट बघत बसलेली असायची. आणि वाट बघताना ती धनाभाऊंचा चहा मागवायची.

फेसातून चहा पिणारं गाव म्हणून आमची ओळख होता होता राहिली.

* * *

नानांना एक गैरसमज होता की आपला आवाज भरदार आहे. दोन गाण्यांच्या मधे ते माइक हातात घेत. “ऐकत राहा, नानांची लाइन. कापडाचं दुकान, भांड्यांचं दुकान, रविवारी बंद.” कधी कोणाचं हरवलेलं पोर, कधी सापडलेली किल्ली. काही नसलं तर हवामान. हवामान म्हणजे दुकानाबाहेर डोकं काढून बघायचं आणि सांगायचं, “ऊन आहे.” जळगावात मे महिन्यात ही बातमी लोकांनी पैसे भरून ऐकली.

महिनाभराने कापडवाले शेठ दुकानात आले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, “नाना, भाड्यावर थोडं जास्त देतो. पण मधे तुम्ही बोलू नका.”

नाना दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, दुसरी वायर ओढ. तिच्यात फक्त गाणी सोडायची. जास्त भाडं भरणाऱ्याला दुसरी वायर.

त्या महिन्यात मी शिडीवरून उतरलोच नाही. बाजारातल्या निम्म्या लोकांनी नानांचा आवाज बंद व्हायचे पैसे भरले, आणि खरं सांगायचं तर लाइन पहिल्यांदा फायद्यात आली ती त्याच महिन्यात. भाच्याच्या मोबाइलवर परवा तसंच काहीतरी बघितलं. जास्त पैसे भरले की मधे कोणी बोलत नाही म्हणे. त्या कंपनीतही कोणीतरी नाना असणार आणि तोही एक दिवस उपाशी बसला असणार.

* * *

आता युनूस. आमच्याच गल्लीत उस्मान मास्तरांचा बँड होता, लाल कोट आणि सोनेरी झालरवाला. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे, अख्ख्या जिल्ह्यात नाव. पुढे समोरचे दात गेले आणि दातांबरोबर क्लॅरिनेटही गेलं. तेव्हापासून ते हातात छडी घेऊन बँडच्या पुढे चालत, आणि मुख्य गाणं त्यांचा मुलगा युनूस सॅक्सोफोनवर, आमच्या भाषेत बाजावर, वाजवायचा. एकोणीस-वीस वर्षांचा, सडसडीत. बोलायला सुरुवात केली तरी वाक्य अर्ध्यावर सोडून हसणारा.

त्या सुमारास भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले एक म्हातारे गार्डसाहेब सामान विकून मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले. नाना गेले त्यांचा अँप्लिफायर बघायला आणि आले पोतंभर रेकॉर्डी घेऊन. सगळ्या जाझच्या. वरची चित्रं काळ्या माणसांची, गाल फुगवलेली. नानांनी त्यातली एक लगेच लाइनवर लावली.

पाच मिनिटांत तीन दुकानांची माणसं येऊन सांगून गेली की नाना, रेकॉर्ड बिघडली आहे. चौथा म्हणाला, बिघडली नाही, कोणीतरी तिच्यात भांडतंय. बाजाराने त्या संगीताला तिथल्या तिथे नाव ठेवलं, ‘भुसावळी’. जाझ हा शब्द आमच्याकडे पुढे कधीच चालला नाही.

युनूस तेव्हा गोपाळच्या खुर्चीत होता. एक गाल झालेला, एक गाल फेसात. तो उठला आणि गळ्यातल्या फडक्यासकट रस्ता ओलांडून आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्यामागे गोपाळ, हातात उघडा वस्तरा. दोन बायका पोरांना कडेवर घेऊन पळाल्या. एक सायकलवाला गटारात गेला.

युनूस काही हलेना. रेकॉर्ड संपली, तो म्हणाला, दुसरी बाजू. शेवटी गोपाळने त्याचा दुसरा गाल आमच्या पायरीवरच उरकला.

जाताना गोपाळ नानांना म्हणाला, “हे रोज लावत जा. यात गिऱ्हाईक अजिबात मान हलवत नाही.”

* * *

तेव्हापासून युनूस दुपारी दुकानात पडीक. पोत्यातली एकेक रेकॉर्ड लावायचा, थोडी ऐकायचा, सुई उचलायचा, तेवढं बाजावर काढायचा, पुन्हा सुई ठेवायचा. त्याला नोटेशन येत नव्हतं आणि मला काहीच येत नव्हतं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

एका रेकॉर्डीला मधोमध चरा होता. सुई तिथे आली की तीच चार सुरांची उडी पुन्हा, पुन्हा, पुन्हा, आणि मग एकदम पुढे. युनूसने ती तशीच बसवली. तीनदा अडकायचं आणि मग उडी मारून पुढे जायचं. इतकं झकास वाजवायचा की अडकायच्या आधी आपलाच श्वास थांबायचा.

पुढे मी एकदा मुंबईला गेलो तेव्हा फुटपाथवर तीच रेकॉर्ड धडधाकट मिळाली. घेऊन आलो. लावली. त्यात ते अडकणं अर्थातच नव्हतं. मला वाटलं पोरगा खजील होईल.

युनूसने शेवटपर्यंत शांतपणे ऐकली. म्हणाला, “काढून टाकलं वाटतं त्यांनी. आधीचं बरं होतं.”

* * *

खरी पंचाईत वरातीत झाली.

उस्मान मास्तरांचं शास्त्र सरळ होतं. लोकांना गाणं ओळखू आलं पाहिजे, ओळखू आलं की पाय हलतो, पाय हलला की पुढच्या लग्नाची सुपारी मिळते. युनूसला मात्र भुसावळी लागली होती. गाण्याची पहिली ओळ वाजवून तो गाणं सोडून भलतीकडेच निघून जायचा. नाचणारे हात वर करून तसेच उभे. परत येईल येईल म्हणून वाट बघायचे, हात दुखले की खाली घ्यायचे. मास्तर पुढून डोळे वटारायचे, पण युनूस डोळे मिटूनच वाजवायचा, त्यामुळे वटारलेले डोळे फुकट जायचे.

रावेरला एका मोठ्या केळीवाल्याकडे लग्न होतं. नवरदेवाची घोडी बँडच्या ओळखीची होती. तिला सवय लावलेली होती. गाण्याची शेवटची ओळ दोनदा वाजली आणि ताशा कडाडला की थांबायचं. घोडी अडाणी नव्हती, वीसेक लग्नसराया झाल्या होत्या तिच्या. लगाम धरायचीही गरज पडत नसे.

वरात मांडवासमोर आली. नवरीची आई ओवाळायचं ताट घेऊन उभी. युनूसने शेवटची ओळ एकदा वाजवली आणि दुसऱ्यांदा वाजवायच्या ऐवजी तो निघून गेला. म्हणजे सुरातही गेला आणि पायांनीही गेला. डोळे मिटून, बाजा आभाळाकडे करून सरळ पुढे. मास्तर आणि बाकीचा बँड मांडवाशी थांबला. घोडीला दुसरी ओळ ऐकू आली नाही, म्हणून ती थांबली नाही. ती युनूसच्या मागे निघाली, नवरदेवासकट. नवरीच्या आईच्या हातात ताट तसंच राहिलं.

केळीच्या ट्रकांच्या रांगेतून ते बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागले. मास्तर लाल कोटात मागे पळतायत, त्यांच्यामागे वऱ्हाडी, त्यांच्यामागे नवरीचा मामा आंतरपाट काखेत घेऊन. गाठलं तोपर्यंत मुहूर्त टळला होता. भटजींनी संध्याकाळचा शोधून दिला.

सगळ्यांनी नवरदेवाला फैलावर घेतलं, की तू बोलला का नाहीस, उतरला का नाहीस? तो बिचारा घाम पुसत म्हणाला, “मला वाटलं, असंच असतं.”

मास्तरांना मात्र याच्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दहा घरं त्या बँडवर जेवत होती. दुसऱ्या दिवशी ते युनूसला घेऊन दुकानात आले आणि आमच्यादेखत सांगितलं. यापुढे एकदा जरी गाणं सोडून गेलास, तर बाजा माझ्या हातात द्यायचा आणि रावेरला मामूच्या केळीच्या ट्रकवर जायचं. पुन्हा तोंडाला लावायचा नाही. मास्तर बोलले ते करणारा माणूस.

युनूस मान खाली घालून “जी” म्हणाला.

त्यानंतर तो लग्नात सरळ वाजवायला लागला. पहिली ओळ, दुसरी ओळ, शेवटची ओळ, थांब. सगळे खूश. घोडी खूश. मला मात्र ऐकवेना. चांगलं जेवणारं माणूस ताटावर बसून नुसता वरण-भात चिवडताना दिसलं की कसं होतं, तसं व्हायचं.

* * *

मधेच धुळ्याचं सांगून टाकतो, नाहीतर राहील.

नानांनी धुळ्याला शाखा काढली. जळगावहून धुळ्याला वायर नेणं परवडेना, म्हणून दिवसभराची गाणी जळगावात कॅसेटींवर भरून एस.टी.च्या पार्सलने धुळ्याला पाठवायचो. तिकडे नानांचे मेहुणे त्या लावायचे. अट एकच, कॅसेट जशी आहे तशी वाजवायची, कापाकापी करायची नाही. नानांची निवेदनं त्यातच.

एके दिवशी जळगावातल्या एका बाईंची बकरी हरवली. काळी, एका कानाला भोक, गळ्यात घुंगरू. नानांनी लाइनवर पुकारलं. कॅसेट नेहमीप्रमाणे धुळ्याला गेली, तिकडेही पुकारलं गेलं. तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या शाखेत एक इमानदार माणूस बकरी घेऊन हजर. काळी, कानाला भोक, गळ्यात घुंगरू.

मेहुण्यांनी ती कापसाच्या ट्रकमध्ये बसवून जळगावला पाठवली. इकडे बाईंची बकरी केव्हाच घरी आली होती. बाई म्हणाल्या, ही माझी नाही, माझी हिच्यापेक्षा शहाणी आहे. दोन दिवस ती आमच्या दुकानात राहिली आणि एका भजनाच्या कॅसेटीची फीत तिने खाल्ली. मग आम्ही तिला दुसऱ्या ट्रकने धुळ्याला परत धाडलं.

ती पोचली तेव्हा धुळ्याच्या लाइनवर तिकडच्याच एकाचा पुकारा चालू होता. काळी बकरी हरवली आहे, एका कानाला भोक, गळ्यात घुंगरू.

नाना मला म्हणाले, “बघ, दोन्ही गावं ऐकतात.”

* * *

नानांचं पुढचं म्हणणं असं की दुसऱ्यांच्या कॅसेटी वाजवून लाइन फार दिवस टिकायची नाही. लाइनचा स्वतःचा माल पाहिजे. मालाकडे बोट दाखवायचं तर युनूस समोरच बसलेला. नाना त्याला म्हणाले, तुझ्या अब्बांनी बंदी केली ती बँडमध्ये, माझ्या दुकानात नाही. तू इथे माइकसमोर वाजव, सगळा बाजार ऐकेल, नाव होईल.

नाव होईल हाच मोबदला. वर चहा. आजही हीच पद्धत आहे असं ऐकतो.

युनूस दुपारी बाजार पेंगायला लागला की वाजवायचा, मनासारखं. उस्मान मास्तर रोज त्या रस्त्याने नमाजाला जायचे, पण त्या दिवसांत त्यांनी मागच्या बोळातून जायला सुरुवात केली. लांबचा पडतो तो रस्ता. तिथे आमचा एकही स्पीकर नव्हता.

बाजाराला युनूस आवडत होता का? नाही. खोटं कशाला सांगू. पोरगा गुणी आहे एवढं सगळे मान्य करायचे आणि स्पीकरवर फडकं टाकायचे.

एके दुपारी लाइट गेली. पंखे बंद, स्पीकर बंद. बाजारात एकदम शांतता पसरली, पण युनूसचे डोळे मिटलेले, त्याला पत्ताच नाही. तो वाजवतोच आहे, आणि आता त्या शांततेत पार भाजीबाजारापर्यंत ऐकू जातंय. थोड्या वेळाने कापडवाले शेठ घाम पुसत दुकानात आले.

“नाना, लाइट गेली तरी बंद होत नाही. हे काय आहे?”

नाना गंभीरपणे म्हणाले, “नवीन सोय आहे.”

“मग माझी ती सोय काढून घ्या.”

* * *

नव्वदनंतर छपरांवरून केबल टीव्हीच्या तारा आल्या. लोक गाणी बघायला लागले. आमच्या वायरी मीच चढवल्या होत्या, मीच उतरवल्या. नाना खाली उभे राहून वेटोळी गोळा करत होते. म्हणाले, “माझं चुकलेलं नाही. वायर तीच आहे, आतून दुसरं सोडलंय.” मला फार वाईट वाटलं त्यांचं. पण ते चहा घेऊन पुन्हा कर्णे पुसायला बसले.

मी रिकामा झालो, म्हणून उस्मान मास्तरांनी मला एक दिवस झांज वाजवायला बोलावलं. त्यांचा झांजवाला आजारी होता. पारोळ्याजवळच्या एका गावात एक आबा वारले होते, पणतवंडं बघून गेलेले. आमच्याकडे असं पिकलं पान गळलं की रडत नेत नाहीत, वाजतगाजत नेतात. झांजवाल्याचा लाल कोट मला गुडघ्यापर्यंत आला.

एस.टी.तून उतरल्यावर मास्तरांनी युनूसला बाजूला घेतलं. मी जवळच होतो. ते म्हणाले, मयत आहे. एक भजन आहे, सरळ वाजव. लग्नात चुकलं तर लोक शिव्या देतात, इथे चुकलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही. रावेरचं बोलणं लक्षात आहे ना?

युनूस म्हणाला, “जी.”

निघालो. पुढे छडी घेऊन मास्तर, मग युनूस, मग आम्ही, मागे खांद्यावर आबा. गाव मोठं, रस्ते वाकडेतिकडे, भजन चार ओळींचं. युनूस सरळ वाजवत होता. पुन्हा पहिली ओळ, पुन्हा चौथी. गावाच्या वेशीजवळ लिंबाखाली तिरडी विसाव्याला खाली ठेवली. आमच्याकडे बायका इथपर्यंतच येतात, इथून मागे फिरतात. आबांची म्हातारी, अक्का म्हणायचे तिला, तिरडीपाशी मातीत बसली. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

युनूसने भजन पुन्हा सुरू केलं. पहिली ओळ वाजवली, दुसरी वाजवली, आणि तो गेला.

माझ्या हातातली झांज थांबली. ताशा थांबला. ढोलवाल्याने दोन ठोके अंदाजाने मारून बघितले आणि सोडून दिलं. एकटा युनूस. असं वाजवणं मी त्याच्याकडून दुकानातही कधी ऐकलं नव्हतं. वर जायचं, वाटायचं आता परत फिरेल, तर तिथूनही पुढेच. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

आबांचा थोरला मुलगा तरातरा पुढे आला. “मास्तर, हाई काय चालू शे? आमना घर मयत शे.”

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते चालत युनूससमोर जाऊन उभे राहिले. युनूसने डोळे उघडले. वाजवणं थांबलं. त्याने गळ्यातला पट्टा काढला आणि दोन्ही हातांनी बाजा बापापुढे धरला. मास्तरांनी तो घेतला.

तेवढ्यात अक्का बोलली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“त्याले कसाले थांबाडं? वाजाडू द्या ना.” तिने आबांकडे हात केला. “ त्या बी बजारले निंघेत आन् भलताच गावले जाई पोचेत. जलम गया मना वाट देखामा. आज त्यास्ले सिध्या वाटे कसाले लई जाई राह्यनात?”

थोरल्या मुलाने मान खाली घातली. सगळे मास्तरांकडे बघत होते.

मास्तरांनी छडी काखेत धरली. मग त्यांनी बाजाची वरची वाकडी नळी फिरवून काढली, उलटी केली आणि मातीत झटकली. चार थेंब पडले. तोंडाला लावायचा भाग आपल्या लाल कोटाच्या बाहीने पुसला. नळी पुन्हा बसवली, बोटाने दाबून घट्ट झाली का बघितली, आणि पट्टा स्वतःच्या हाताने युनूसच्या गळ्यात घातला.

“पानी भर गया था,” ते म्हणाले. “अब बजा.”

आणि ढोलवाल्याकडे बघून त्यांनी छडी वर केली.